ड्राय नीडलिंग: सुईच्या आधीच्या आणि नंतरच्या या चुका टाळा

मान धरली, खांदा आखडला किंवा कंबरेत उसण भरली म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्यांना हल्ली शेक आणि व्यायामाच्या जोडीने ड्राय नीडलिंगही सुचवले जाते. या उपचारात सुईवाटे कोणतेही औषध शरीरात जात नाही. इंजेक्शनची सुई पोकळ असते, तर ही भरीव आणि बरीच बारीक, साधारणपणे पाव मिलिमीटर जाडीची असते. स्नायूमधल्या ताठरलेल्या पट्ट्यात जो बिंदू दाबल्यावर कळ उठते त्या बिंदूत, म्हणजे ट्रिगर पॉइंटमध्ये, ती घातली जाते. या बिंदूंचा सविस्तर अभ्यास अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी केला. यांपैकी ट्रॅव्हेल या पाठदुखीने बेजार झालेल्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वैद्यकीय सल्लागार होत्या. पुढे १९७९ मध्ये कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी असे मांडले की, अशा जागी इंजेक्शन दिल्यावर मिळणारा आराम हा औषधापेक्षा सुईच्या टोचण्यामुळेच मिळत असावा, आणि तेव्हापासून कोरड्या सुईकडे स्वतंत्र उपचार म्हणून पाहिले जाऊ लागले.

हा उपचार फसतो तेव्हा रुग्ण दोष सुईला देतात. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा सुई टोचण्याच्या आधी, म्हणजे तपासणीत, किंवा नंतरच्या आठवड्यात झालेली असते.

दुखते तिथेच सुई हवी, हा हट्ट

ट्रिगर पॉइंटचे वैशिष्ट्य असे की तो स्वतः एका जागी असतो आणि दुखणे भलतीकडेच जाणवते. मान आणि खांदा यांच्यामधल्या ट्रॅपेझियस स्नायूतला बिंदू कानामागून कानशिलापर्यंत ठणका पोहोचवतो, त्यामुळे रुग्ण कित्येक महिने डोकेदुखीच्या गोळ्या घेत राहतो. खांद्याच्या पुढच्या बाजूला खोलवर दुखत असेल, तर त्याचे मूळ अनेकदा पाठीकडे, फऱ्याच्या हाडावरच्या इन्फ्रास्पायनेटस स्नायूत सापडते. नितंबाच्या आतल्या थरातला ग्लुटियस मिनिमस तर पायाच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत अशी कळ पाठवतो की ती सायटिकाच वाटावी. म्हणून ‘इथे दुखतंय, इथेच टोचा’ असा आग्रह धरू नये, आणि रुग्णाने बोट दाखवल्याबरोबर सुई काढणाऱ्या थेरपिस्टवर विसंबूही नये. बोटांनी चाचपताना एखादी जागा दाबल्यावर ‘हो, माझं नेहमीचं दुखणं ते हेच’ असे रुग्ण आपणहून म्हणाला, तर ती जागा बरोबर सापडली असे समजायला आधार मिळतो.

याच्या उलट चूक अधिक महागात पडते, आणि ती म्हणजे प्रत्येक दुखणे स्नायूचेच आहे असे गृहीत धरणे. दुखण्यासोबत ताप असेल, वजन विनाकारण घटत असेल, रात्री कुठल्याही कुशीवर आराम पडत नसेल, हातापायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. डाव्या खांद्यातून हातात उतरणारी कळ, छातीवर दडपण आणि घाम असे एकत्र आले तर ती वेळ फिजिओथेरपीची नसून थेट रुग्णालयात जाण्याची आहे.

गोळ्यांची यादी घरी ठेवून येणे

‘काही आजार आहे का?’ या प्रश्नाला आपल्याकडे सर्रास ‘नाही’ असे उत्तर मिळते, आणि मग बोलता बोलता कळते की अँजिओप्लास्टी झाली आहे आणि रक्त पातळ होण्याची गोळी रोज चालू आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशा गोळ्या घेणाऱ्यांना आत रक्त साकळण्याचा धोका जास्त असतो, त्यामुळे कोणत्या स्नायूत किती खोल जायचे, किंवा सुई टाळायचीच का, हे थेरपिस्टला त्यावरून ठरवावे लागते. मात्र सुई घ्यायची म्हणून या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणे ही त्याहून मोठी चूक आहे. गरोदरपण, मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, निकेलची ॲलर्जी, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यामुळे हाताला येणारी सूज, हे सारे आधीच सांगावे. सुयांना वीजप्रवाह जोडायचा असेल तर पेसमेकरचा उल्लेख विसरून चालणार नाही.

सुईची भीती वाटत असेल तर तीही मोकळेपणाने सांगावी, कारण भीतीने आणि रिकाम्या पोटी भोवळ येण्याचे प्रमाण बरेच असते. चतुर्थीच्या किंवा नवरात्राच्या उपवासात, सकाळपासून फक्त चहावर असताना, पहिल्यांदाच नीडलिंग करून घ्यायला जाऊ नये. दुसरा दिवस मागून घ्यावा. पहिल्या वेळी स्टुलावर बसून सुई घेण्यापेक्षा आडवे पडूनच घ्यावी, म्हणजे भोवळ आली तरी पडून इजा होत नाही.

सुई आत असताना

सुई ताठर पट्ट्यात शिरली की स्नायू क्षणभर फडकतो आणि खोल, बोथट कळ येते. हे अपेक्षित आहे. मात्र विजेचा झटका बसल्यासारखी सणक हाताच्या किंवा पायाच्या टोकापर्यंत गेली, तर सुई नसेजवळ असण्याची शक्यता असते आणि ते त्याच क्षणी सांगायला हवे. सोसण्यात शौर्य नाही. पण सांगताना अंग झटकू नये, कारण स्नायू एकदम आवळला तर सुई वाकते. हालचाल न करता नुसते तोंडाने सांगितले तरी पुरते. स्नायू फडकलाच पाहिजे म्हणून त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचत राहण्याचा काहींचा आग्रह असतो. तो अनाठायी आहे; न फडकताही आराम पडतो, आणि जास्त टोचल्याने नंतरचे दुखणे मात्र नक्की वाढते.

सुई निर्जंतुक, बंद पाकिटातली आणि आपल्यासमोर फोडलेली असावी, वापरून झाल्यावर ती टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकली जावी. ‘तुमचीच आहे, पुढच्या वेळी वापरू’ असे म्हणून ती जपून ठेवली जात असेल तर तिथून उठून यावे.

छातीजवळची जागा आणि हलक्यात घेतलेला दम

या उपचारातला सर्वांत गंभीर धोका क्वचित घडतो, पण घडतो तेव्हा तो ओळखता आला पाहिजे. फुप्फुसाचे टोक कॉलर बोनच्याही दोन-तीन सेंटिमीटर वर, मानेच्या मुळापर्यंत गेलेले असते, आणि नीडलिंगसाठी सर्वांत जास्त निवडला जाणारा ट्रॅपेझियसचा वरचा भाग नेमका त्याच्या शेजारी येतो. म्हणून जाणकार थेरपिस्ट हा स्नायू अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून शरीरापासून वर उचलतो आणि सुई त्या चिमटीतच, आपल्या बोटाच्या दिशेने, नेतो. स्नायू न उचलता वरून सरळ खाली सुई घातली जात असेल, तर विचारण्याचा पूर्ण हक्क रुग्णाला आहे. फऱ्याच्या हाडाच्या आतल्या कडेचे स्नायू आणि बरगड्यांमधल्या जागा यांनाही हीच काळजी लागते, आणि अगदी सडपातळ व्यक्तीच्या बाबतीत ती दुप्पट घ्यावी.

सुई फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचली तर छातीच्या पोकळीत हवा साठू लागते. त्रास लगेच जाणवेलच असे नाही, काही तासांनी, घरी पोहोचल्यावरही तो सुरू होऊ शकतो. श्वास घेताना छातीत टोचणे, कोरडा खोकला, जिना चढताना नेहमीपेक्षा लवकर दम लागणे, अशी ही लक्षणे आहेत. ‘सुया घेतल्या आहेत, थोडं दुखणारच’ असे म्हणून रात्र काढणे, किंवा ॲसिडिटी समजून गोळी घेऊन झोपणे, ही इथली घातक चूक होय. अशा वेळी थेट रुग्णालयात जावे, सुई कुठे घेतली ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. छातीच्या एक्स-रेवरून बहुतेक वेळा निदान होते.

दुसऱ्या दिवसाची गफलत

टोचलेल्या जागी एक-दोन दिवस, क्वचित तिसऱ्या दिवसापर्यंत, जड व्यायामानंतर अंग दुखावे तसे दुखते आणि एखादा निळसर डाग उमटतो. यावर कोमट शेक आणि हलकी हालचाल पुरेशी असते. जागा लाल होऊन सुजली, गरम लागली किंवा ताप आला, तर मात्र ते साधे दुखणे नव्हे.

सुईवरच थांबणे

बहुतेकांचा उपचार फसतो तो इथे. नीडलिंगने दुखणे कमी होते ते मुख्यतः काही दिवस किंवा काही आठवडे. दीर्घकाळ टिकणाऱ्या फायद्याचा पुरावा तितका भक्कम नाही. ही मिळालेली सवड स्नायूला ताण आणि ताकद देण्यासाठी वापरायची असते. मान मोकळी झाली म्हणून व्यायामाचा कागद फ्रीजवर चिकटवून ठेवला आणि पुन्हा लॅपटॉप मांडीवर घेऊन आठ-आठ तास बसले, की तोच बिंदू तिथेच पुन्हा जागा होतो आणि ‘सुयांचा काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो. त्यामुळे पहिल्याच भेटीत दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरणे शहाणपणाचे वाटत नाही. सुई साधारण आठवड्याच्या अंतराने घ्यावी आणि दर वेळी एखादी हालचाल आधी व नंतर मोजून पाहावी: मान कितपत वळते, हात पाठीमागे कुठवर पोहोचतो.

तीन-चार वेळा घेऊनही फरक नसेल, तर सुयांची संख्या वाढवण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावे. दुखणे मणक्यातून किंवा सांध्यातून येत असेल, झोप अपुरी असेल, थायरॉइडचा विकार किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल, तर त्यावर सुई हे उत्तर नाही. सुई टोचणारा राज्य परिषदेकडे नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट आहे का, आणि नीडलिंगचे प्रशिक्षण त्याने कुठे व किती दिवसांचे घेतले, हे फोनवर वेळ ठरवतानाच विचारावे. ज्याने रीतसर शिकून घेतले आहे त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.