कोरायझाची लस: स्वॅबपासून चॅलेंज ट्रायलपर्यंत

कोरायझा म्हणजे कोंबड्यांना जंतूमुळे होणारी सर्दी. लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये डोळ्याखाली सुजलेली, नाकातून शेंबूड गळणारी कोंबडी दिसली की मी सगळ्यात ताजी सूज कुठली ते आधी शोधते. आजारी पडून पहिलाच आठवडा असलेल्या, अँटिबायोटिक न दिलेल्या दोन-तीन कोंबड्या निवडा. जुन्या आजारात इतर जंतूंची गर्दी झालेली असते आणि आपला जंतू त्यात हरवतो.

कोंबडीला त्रास न देता मारल्यावर डोळ्याखालची कातडी तापवलेल्या स्पॅच्युलाने भाजून घ्या, निर्जंतुक कात्रीने छेद द्या आणि स्वॅब सायनसमध्ये खोलवर घाला. एवढ्या आत कोरायझाचा जंतू, *अॅव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनारम*, बहुधा शुद्ध सापडतो. बर्फावर ठेवून त्याच दिवशी लॅब गाठा.

ब्लड अगरवर स्वॅब फिरवा, त्यावर स्टॅफिलोकोकसची एक आडवी रेघ ओढा आणि प्लेट मेणबत्तीच्या बरणीत (आत पेटती मेणबत्ती ठेवून झाकण बंद केलेल्या) ३७ अंशांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या कडेकडेने दवबिंदूंसारख्या बारीक वसाहती दिसतात, रेघेपासून लांब मात्र काहीच नसतं. या जंतूला एनएडी हा वाढीसाठी लागणारा घटक स्वतः बनवता येत नाही, ते त्याला शेजारच्या स्टॅफकडून मिळतं. हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी प्लेट उघडताना अजून श्वास रोखला जातो. एनएडी न लागणारे स्ट्रेन दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिकोत सापडले आहेत, म्हणून पीसीआरने खात्री कराच.

यानंतर सेरोव्हार, म्हणजे या जंतूचा उपगट, बघायचा, आणि माझ्या मते खरी लस इथेच ठरते. ए, बी, सी असे तीन गट आहेत. एका गटाच्या मारलेल्या जंतूंची लस दुसऱ्या गटापासून वाचवत नाही. पूर्वी बऱ्याच लशींत फक्त ए आणि सी असायचे. एका फार्मवर दोन्ही डोस वेळेवर देऊनही अंडी घटत गेली होती. तिथल्या स्वॅबमधून बी निघाला, आणि कुपीवर बी नव्हताच. त्या शेतकऱ्याने काटेकोरपणे सगळं केलं होतं, तरी नुकसान त्याच्याच माथी आलं. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून आपल्या भागातले स्ट्रेन जमवा, उणे ७० अंशांवर जपा आणि मगच कुठले घ्यायचे ते ठरवा.

प्रत्येक सेरोव्हार वेगळा वाढवा. मारण्याआधी दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जंतू हवेत. मग मारण्यासाठी फॉर्मॅलिन बेताने घाला, जास्त झालं तर जंतूच्या पृष्ठभागावरच्या ज्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनावर संरक्षण अवलंबून असतं तेच बिघडतं.

सगळे जंतू मेले का, हे तपासताना सुरुवातीच्या काळात माझ्याकडून मोठी चूक झाली होती. मी नमुना साध्या माध्यमावर टाकला, काही उगवलं नाही आणि बॅच मेली असं लिहून मोकळी झाले. एनएडी नसलेल्या माध्यमावर हा जंतू जिवंत असला तरी उगवत नाही! सरांनी वही वाचली आणि तीच बॅच एनएडी घालून पुन्हा तपासायला लावली. दोन दिवसांनी तिच्यात वाढ दिसली. तेव्हापासून जिवंत जंतूची एक प्लेट मी शेजारी ठेवतेच. तिच्यावर वाढ दिसली, तरच दुसरीचं रिकामपण मानायचं.

अॅडज्युव्हंटमध्ये, म्हणजे लशीचा परिणाम वाढवायला घातलेल्या पदार्थात, मिनरल ऑइल प्रतिकारशक्ती जास्त काळ टिकवतं, पण टोचल्या जागी गाठ येऊ शकते. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड त्या मानाने सौम्य.

चॅलेंज ट्रायलला प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. लस दिलेल्या आणि न दिलेल्या, अशा दोन्ही कोंबड्यांच्या सायनसमध्ये जिवंत जंतू सोडायचा, आणि हे प्रत्येक सेरोव्हारसाठी वेगवेगळं करायचं. लस न दिलेल्या कोंबड्या आजारी पडल्याच नाहीत, तर तो प्रयोग धरू नका, कितीही खर्च झालेला असो. फार्मवरच्या चाचणीत दोन डोस १० ते २० आठवड्यांच्या वयात, साधारण चार आठवड्यांच्या अंतराने, अंड्यावर येण्याआधी पूर्ण करा. त्यानंतरही कुठे तोंडं सुजल्याचा फोन आला, तर स्वॅब घेऊन निघा. जंतू ए, बी की सी, ते प्लेटवरच्या वसाहतीचा सेरोव्हार तपासल्यावरच कळेल.