उच्च दाबाची बीमलाइन: आखणी सॅम्पलकडून मागे

बीमलाइन म्हणजे सिंक्रोट्रॉनच्या रिंगमध्ये फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून निघालेले एक्स-रे सॅम्पलपर्यंत नेणारी वाट. नवीन विद्यार्थी बहुतेक वेळा रिंगपासून विचार सुरू करतात. उच्च दाबाच्या बीमलाइनची आखणी मात्र उलटी करायची: आधी डायमंड अँव्हिल सेल (दोन हिऱ्यांमध्ये सॅम्पल दाबणारं साधन), मग मागे मागे सरकत स्रोत.

सेलमधून विखुरलेले किरण बाहेर पडायला फट अरुंद असते. टू-थीटा (मूळ बीमपासून किरण वळण्याचा कोन) २० अंशांपर्यंतच मिळाला, तर १० केईव्हीला (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एक्स-रेची ऊर्जा) ३.५७ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळची अणूंची प्रतलं दिसतच नाहीत. ३० केईव्हीला १.१९ पर्यंत दिसतात. शिवाय वाटेत दोन हिरे, मिळून साधारण साडेचार मिलिमीटर. त्यांतून १० केईव्हीचा बीम दोन-तीन टक्केच पार होतो, ३० केईव्हीचा सुमारे दोन तृतीयांश.

इथेच स्रोत ठरतो. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर उच्च दाबाचं काम होतं, पण रिंगमधल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा २.५ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आणि बेंडिंग मॅग्नेटची, म्हणजे इलेक्ट्रॉन वळवणाऱ्या चुंबकाची, क्रिटिकल एनर्जी (जिच्या वर-खाली निम्मी-निम्मी शक्ती निघते ती ऊर्जा) सहा केईव्हीच्या आसपास. ३० च्या पुढे फोटॉन झपाट्याने आटतात. हॅम्बुर्गची पेट्रा-३ रिंग सहा जीईव्हीची, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

फोकस किती बारीक, हे गॅस्केटचं (हिऱ्यांमधली धातूची चकती) छिद्र सांगतं, कारण सॅम्पल त्यात असतं. नुसती बीमची रुंदी पाहू नका, शेपट्या (कडेचा फिका पसारा) पाहा. बीम फोकस करणाऱ्या केबी (कर्कपॅट्रिक-बाएझ) आरशांनंतर पिनहोल (कडा छाटणारं बारीक छिद्र) नसेल, तर शेपटी रेनियमच्या गॅस्केटला लागते आणि डिफ्रॅक्शन पॅटर्नमध्ये रेनियमच्या रेषा घुसतात. नवखा त्यांना सॅम्पलची नवी फेज (वेगळी स्फटिकरचना) समजतो.

डिटेक्टरला पैसे वाचवू नका: ०.४५ मिमी सिलिकॉन ३० केईव्हीचे जेमतेम १४ टक्के फोटॉन पकडतो. कॅडमियम टेल्युराइड घ्या.

आता खरा घोळ. सॅम्पल रोटेशनच्या अक्षावर हवा. सेलमागे फोटोडायोड (बीमची तीव्रता मोजणारा सेन्सर) ठेवून आडवा स्कॅन घ्या, एकदा +१० अंशांवर, एकदा −१० वर. छिद्राच्या मध्यांतला फरक ०.३४७ ने भागला की बीमच्या दिशेतली चूक मिळते. ३५ मायक्रॉन फरक म्हणजे १०० मायक्रॉन चूक. डिटेक्टर ३०० मिमीवर असेल, तर सॅम्पलच्या मोजलेल्या आकारमानात ०.१ टक्का फरक पडतो, म्हणजे १०० जीपीए (गिगापास्कल) बल्क मॉड्युलसच्या (दाबाखाली आकसण्याला होणारा विरोध) पदार्थात दाबाची ०.१ जीपीएची खोटी वाढ किंवा घट. दाब वाढवला की सेल सरकतो, म्हणून दर पायरीनंतर हे पुन्हा करायचं. पहाटे तीनला जीवावर येतं, तरी. डिटेक्टरच्या अंतराचं कॅलिब्रेशन सिरियम ऑक्साइडच्या पावडरने (जिची रचना आधीच माहीत असते) करताना तीही त्याच अक्षावर बसवा, नाहीतर सगळे आकडे सारखेच चुकतात आणि कळतही नाही.