नेस्टेड व्हीएम लाइव्ह मायग्रेट करताय? या चुका टाळा

नाशकात सातपूरला आमच्याकडे दोन एएमडीचे सर्व्हर आहेत, दोन्हीवर केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय). शिकायला येणाऱ्या पोरांना आम्ही एकेक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर) देतो आणि तिच्या आत ते स्वतःच्या व्हीएम चालवतात, यालाच नेस्टेड म्हणतात. एका सर्व्हरची रॅम वाढवायची होती म्हणून मी रात्री सगळ्या व्हीएम दुसऱ्यावर लाइव्ह मायग्रेट केल्या, म्हणजे चालू असतानाच हलवल्या, स्क्रीनवर १०० टक्के आलं, आणि थोड्याच वेळात एक बाहेरची व्हीएम पॅनिक झाली, म्हणजे कोसळली, आतल्या तिन्ही तिच्यासोबत गेल्या आणि एका पोराची आठवडाभराची मेहनत गेली. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

चूक माझीच, आतल्या व्हीएम चालू ठेवून बाहेरची हलवली. कसं असतं बघा, आतली व्हीएम बाहेरचीच्या रॅममध्ये बसलेली दिसते, पण ती चालू असताना तिची प्रोसेसरची काही स्टेट खालच्या खऱ्या होस्टचा (म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरचा) केव्हीएम सांभाळत असतो, म्हणजे नुसती रॅम कॉपी करून भागत नाही, ती स्टेटपण पलीकडे जावी लागते. इंटेलवर हे लिनक्स कर्नेल ५.३ आणि क्यूईएमयू (केव्हीएमसोबत व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) ४.२.० पासून जमतं. एएमडीसाठी मात्र कर्नेलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलंय की आतली व्हीएम चालू असेल तर बाहेरची मायग्रेट किंवा सेव्ह करू नका, आणि केलीच तर ती रीस्टार्ट केल्याशिवाय भरवशाची धरू नका. "चालतंय ना" म्हणून तशीच सोडू नका प्लीज.

मग करायचं काय? आतल्या व्हीएम आधी नीट शटडाऊन करा. बंद करणं शक्यच नसेल तर दुसऱ्या सर्व्हरवर तशीच एक बाहेरची व्हीएम उभी करा आणि फक्त आतली तिकडे मायग्रेट करा, हे एएमडीवरही चालतं, आम्ही आता असंच करतो.

पलीकडच्या होस्टवर नेस्टेड ऑन आहे का तेही बघा, इंटेलवर कर्नेल ४.२० पासून ते बाय डिफॉल्ट ऑन असतं पण कुणीतरी बंद केलेलं असू शकतं. सीपीयू मॉडेल होस्ट-पासथ्रू (म्हणजे होस्टचा प्रोसेसर व्हीएमला जसाच्या तसा दाखवणं) ठेवलं असेल तर दोन्हीकडचे प्रोसेसर सारखेच लागतात.

मायग्रेशन संपतच नसेल तर आतल्या व्हीएममध्ये जे काही जोरात लिहिणं चाललंय ते थांबवा, कारण ते सगळं बाहेरचीच्याच रॅममध्ये होतं आणि रॅमची तीच पानं (पेजेस) परत परत पाठवावी लागतात.

आणि बाहेरची व्हीएम पिंग होते पण आतली होत नाही, असं झालं तर लगेच फायरवॉल उकरत बसू नका. मायग्रेशननंतर क्यूईएमयू स्विचला फक्त बाहेरचीचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) नव्या जागी आल्याचं कळवतं, आतल्यांचे मॅक स्विच अजून जुन्याच पोर्टवर शोधत असतो. आतल्या व्हीएमच्या कन्सोलवर जाऊन तिथून गेटवेला एक पिंग मारा, स्विचला नवीन पोर्ट कळतो आणि ट्रॅफिक सुरू होतं.