लोन फिटलं, तरी आरसीवर फायनान्सचं नाव? या चुका टाळा

शेवटचा हप्ता गेला की गाडी आपली झाली, असं बहुतेकजण धरून चालतात. फायनान्स कंपनीच्या हिशेबात ती झाली, आरटीओच्या नोंदीत नाही. आरसीवरचं फायनान्स कंपनीचं नाव आपोआप निघत नाही, मालकालाच अर्ज करून काढून घ्यावं लागतं. ते राहिलं तर ऐन गाडी विकायच्या वेळी गिऱ्हाईक दारात आणि व्यवहार अडलेला, अशी पाळी येते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एनओसी (ना-हरकत पत्र) घरी आली की कपाटात ठेवून देणे. एनओसी म्हणजे फक्त कंपनीची संमती. बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरतो तो आरटीओने नोंद केल्यावर. पुष्कळ एनओसींवर ९० दिवसांसारखी मुदत छापलेली असते. ती उलटली की नव्याने पत्र मागायला जावं लागतं, आणि मधल्या काळात कंपनीची सोलापुरातली शाखा हलली किंवा बंद झाली तर पुण्या-मुंबईच्या ऑफिसशी फोनाफोनी करत बसावं लागतं. म्हणून एनओसी हातात पडली की त्याच आठवड्यात अर्ज करा.

पण अर्जाआधी ती एनओसी आरसीशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. चेसिस नंबर १७ अक्षरा-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. एनओसीवर कुठे ‘ओ’ दिसला तर तिथे शून्य हवा होता, हे लगेच ओळखा. इंजिन नंबर, नावाचं स्पेलिंग, गाडीचा नंबर हेही बघा. कंपनीचं दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण झालं असेल, तर आरसीवर जुनं नाव आणि एनओसीवर नवं असं होतं. अशा वेळी विलीनीकरणाचं पत्र एनओसीसोबतच मागून घ्या.

पगार पुढेमागे होऊन एखादा हप्ता बाउन्स झाला असेल, तर त्याचा दंड खात्यावर राहिलेला असू शकतो. अशा किरकोळ बाकीपायी एनओसी अडते. खातं निल झाल्याचं स्टेटमेंट मागा, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये लोन ‘क्लोज्ड’ दिसतंय ना, ‘सेटल्ड’ (म्हणजे तडजोडीने कमी पैशात मिटवलेलं) नाही ना, तेही तपासा.

एनओसीबरोबर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा आरटीओचा अर्ज) लागतो, दोन प्रतींत, त्यावर कंपनीची सही-शिक्का आणि तुमची सही. नुसती एनओसी घेऊन परत येऊ नका. शिवाय विमा आणि पीयूसी चालू हवेत. परिवहन पोर्टलवर अर्ज भरताना ‘हायपोथिकेशन टर्मिनेशन’, म्हणजे बोजा उतरवणे, हा पर्याय निवडा. शेजारचा ‘कंटिन्यूएशन’ हा पर्याय वेगळ्याच कामासाठी आहे. ओटीपी येत नसेल तर नोंदीतला मोबाइल नंबर बघा. गाडी घेताना बऱ्याचदा तिथे शोरूमवाल्याचा किंवा एजंटाचा नंबर टाकलेला असतो. आधी तो बदलून घ्या. आणि एमएच-१३ ची गाडी सोलापूर आरटीओची, एमएच-४५ ची अकलूज आरटीओची, एवढं ध्यानात ठेवून अर्ज करा.

नवीन आरसी नोंदीतल्या पत्त्यावर पोस्टाने येते. अशोक चौकातली खोली सोडून जुळे सोलापूरला राहायला गेला असाल, तर पत्त्याचा प्रश्न आधी सोडवा, नाहीतर कार्ड परत जाईल.

कंपनी कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर गप्प बसू नका. व्यक्तींना दिलेल्या कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे: १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा हटवायचा, कंपनीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तक्रार लेखी करा, पोच घ्या.

आरसी स्वच्छ झाली की विमा कंपनीलाही कळवा. पॉलिसीवर फायनान्स कंपनीचं नाव राहिलं तर गाडी चोरीला गेल्यावर क्लेमचे पैसे मिळताना पुन्हा त्याच कंपनीचं पत्र मागतात.