कोलंबियन बेकरीत गेल्यावर काय मागायचं, आणि मुख्य म्हणजे कधी

कोलंबियन पानादेरियात, म्हणजे तिथल्या गल्लीतल्या बेकरीत जाणार असाल तर पदार्थांची नावं पाठ करत बसू नका, त्यापेक्षा घड्याळ बघा. तिथल्या निम्म्या गोष्टी ओव्हनमधून बाहेर आल्यावर फार तर पंधरा-वीस मिनिटं भारी असतात, त्यानंतर नुसत्याच बऱ्या. त्यामुळे काउंटरवर जाऊन अमुक द्या म्हणण्यापेक्षा 'के आय कालिएंतिको?' असं विचारायचं, आत्ता गरम काय आलंय एवढाच त्याचा अर्थ, आणि काउंटरवरची बाई ज्या ट्रेकडे बोट दाखवेल तोच घ्यायचा. लिस्टमधे नसला तरी.

असं का, तर तिथले जे खरे नाव काढलेले पाव आहेत, पांदेबोनो, पान दे युका, आल्मोहाबाना, ते गव्हाचे नसतातच. पांदेबोनो होतो युकाच्या आंबवलेल्या स्टार्चपासून, युका म्हणजे ज्या कंदाचा आपला साबुदाणा बनतो तोच कंद, त्यात थोडं मक्याचं पीठ, अंडं आणि भरपूर खारट चीज, केसो कोस्तेन्यो. हा स्टार्च टाक्यांमधे तीन-चार आठवडे आंबवतात आणि मग उन्हात पसरून वाळवतात. काउका प्रांताच्या उत्तरेला, सांतांदेर दे किलिचाओच्या आसपास, हेच काम करणारे छोटे छोटे कारखाने आहेत, त्यांना रायांदेरिया म्हणतात. आंबणं आणि ऊन दोन्ही झालं तरच तो स्टार्च ओव्हनमधे यीस्ट न घालता टम्म फुगतो, मशीनमधे वाळवला की तेवढा फुगत नाही. ग्लुटेन नसल्यामुळे गरम असताना आतून मऊ, ओलसर, चीजचे तार निघणारं असं काहीतरी असतं आणि गार झालं की स्टार्च घट्ट होऊन चिवट होतं, मग जबडा दुखेपर्यंत चावा. यात बेकरीवाल्याचा काही दोष नाही, तो पदार्थच तसा आहे.

तर वेळ. बेकऱ्या पहाटे पाच-सहालाच उघडतात आणि सकाळी सहा ते नऊ ट्रेमागून ट्रे निघत असतात, कारण ऑफिसला जाणारे लोक तिथेच उभ्याउभ्या नाश्ता करतात. दुसरी मोठी खेप दुपारी चार-साडेचारनंतर. बोगोताकडे संध्याकाळच्या खाण्याला ओन्सेस म्हणतात आणि त्या वेळी घरी न्यायला पाव घेणाऱ्यांची गर्दी असते. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे दुपारी बारा ते तीन, तेव्हा काचेच्या कपाटात दिव्याखाली सकाळचाच माल बसलेला असतो, बाहेरून गरम लागतो पण खाल्ला की कळतं. रविवारी सकाळी चर्चहून परतणारी अख्खी कुटुंबं टेबलं अडवून बसतात, तामाल (मक्याच्या पिठात मांस घालून पानात गुंडाळून वाफवलेला प्रकार) आणि हॉट चॉकलेट घेत, तेव्हा बसायला जागा हवी असेल तर आठच्या आत पोचा.

आत शिरल्यावर आधी 'बुएनोस दियास' म्हणायचं, दुपारनंतर 'बुएनास तार्देस'. हे चुकवू नका, तिथे नमस्कार न करता डायरेक्ट ऑर्डर देणं उद्धट समजतात. समोरून 'आ ला ओर्देन' ऐकू येईल, म्हणजे 'बोला, काय हवं', ते दुकानात सगळीकडेच म्हणतात. मेक्सिकन बेकरीसारखं स्वतः ट्रे आणि चिमटा घेऊन फिरायचं हा प्रकार इथे बहुतेक ठिकाणी नसतो, काचेमागून ते देतात, तुम्ही बोट दाखवायचं आणि किती ते सांगायचं. बसून खायचं असेल तर 'पारा आका', न्यायचं असेल तर 'पारा येव्हार', आणि कॉफी मागताना 'रेगालेमे उन तिंतो, पोर फाव्होर', असंच मागतात सगळे. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे देऊन चिठ्ठी आणायची असते, काही ठिकाणी खाऊन झाल्यावर काय काय खाल्लं ते आपणच सांगायचं आणि ते विश्वास ठेवतात, पुढचा माणूस काय करतो ते बघून घ्या. पैसे सुटे ठेवा. पन्नास हजार पेसोची नोट देऊन एक तिंतो आणि एक पांदेबोनो मागितलात तर चेहरे उतरतात, दोन हजार, पाच हजारच्या नोटा आणि नाणी बरी. तिथले लोक फोनवरून 'नेकी' (Nequi) नावाच्या ॲपने पैसे देतात पण टुरिस्टला ते सहसा जमत नाही, त्यामुळे कॅशच. टिपची अपेक्षा गल्लीतल्या बेकरीत सहसा नसते.

आता पदार्थांकडे येऊ. पहिल्यांदाच जात असाल तर पांदेबोनोपासून सुरू करा, गोल किंवा रिंगसारखा, वरून सोनेरी. तो मूळचा काली शहराच्या बाजूचा, व्हाये देल काउका प्रांतातला, आता देशभर मिळतो. पान दे युका त्याहून हलका, बऱ्याचदा चंद्रकोरीच्या आकाराचा. आल्मोहाबाना जास्त मऊ आणि किंचित आंबूस, त्यात मक्याचं पीठ आणि क्वाहादा नावाचं ताजं न मुरवलेलं चीज असतं, वरून थोडी भेगाळलेली दिसते, बोगोताच्या शेजारचं सोआचा गाव आल्मोहाबानासाठी ओळखलं जातं. माझं विचाराल तर तिघांत आल्मोहाबाना सगळ्यात सरस, पण हे पांदेबोनोवाल्या कालीच्या माणसासमोर बोलू नका. एक मात्र सांगून ठेवते, यातलं काही ग्लुटेन-फ्री समजून खात असाल तर आधी विचारा, कारण काही बेकऱ्या स्वस्तात पडावं म्हणून मैदा मिसळतात आणि शेजारीच गव्हाचे पाव भाजले जात असतात, तेव्हा सीलिॲक असलेल्यांनी भरवशावर राहू नये.

बुन्युएलो हा तळलेला प्रकार, नाव ऐकून गोड वाटेल पण गोड नसतो, चीज आणि स्टार्चचा गोळा, बाहेरून करकरीत आणि आतून मऊ. पीठ बरोबर जमलं असेल तर तो तेलात स्वतःहून गोल गोल फिरतो, कढईजवळ उभं राहायला मिळालं तर बघाच, नुसतं बघायला मजा येते. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरून पटकन लाल होतो आणि आत कच्चा राहतो, आणि पीठ बिघडलं असेल तर फुटून तेल उडतं, म्हणून घरी करून बघायचा मोह झाला तर जरा जपून. डिसेंबरात बुन्युएलोला तोड नाही, 7 डिसेंबरच्या मेणबत्त्यांच्या रात्रीपासून ते 16 ते 24 डिसेंबरच्या नोव्हेनापर्यंत, म्हणजे नाताळआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांपर्यंत, घरोघरी बुन्युएलो आणि नातिया, म्हणजे दूध, साखर आणि कॉर्नस्टार्च आटवून थापलेल्या वड्या, त्या दिवसांत बेकरीबाहेर रांग असते आणि त्याचा फायदा हा की प्रत्येक गोळा कढईतून सरळ तुमच्या हातात येतो.

तिखटमिठाच्या कपाटात एम्पानादा असणारच. कोलंबियन एम्पानादा मक्याच्या पिठाची आणि तळलेली, आत बटाटा आणि मांस, अर्जेंटिनावाली भाजलेली मैद्याची डोक्यात असेल तर ती विसरा. सोबत आही नावाची पातळ चटणी येते, कोथिंबीर, कांद्याची पात, मिरची, व्हिनेगर. पद्धत अशी की एम्पानादाचं टोक आधी चावून टाकायचं आणि त्या भोकातून प्रत्येक घासाला चमचाभर आही आत सोडायची, वरून ओतली तर सगळी प्लेटमधे वाहून जाते. आणि तिखटाची फार आशा ठेवू नका, कोलंबियात एकंदरच तिखट कमी खातात. पापा रेयेना म्हणजे आत मांस, भात, कधी उकडलेलं अंडं असं भरून तळलेला बटाट्याचा मोठा गोळा, एकात जेवण होतं. पास्तेल दे पोयो हा पफ पेस्ट्रीत चिकन भरलेला, हा थोडा वेळ टिकतो, म्हणून दुपारच्या त्या वाईट वेळेत अडकलात तर हाच घ्या. पालितो दे केसो म्हणजे चीजभोवती पफ पेस्ट्री गुंडाळलेली कांडी, मेदेयिनकडे जास्त. तळलेल्या गोष्टींत एक सोपी परीक्षा, कागदावर ठेवल्यावर तेलाचा मोठा डाग पसरला तर ती बराच वेळ पडून आहे किंवा गार तेलात तळलेली आहे, सोडून द्या.

शाकाहारी लोकांनी जरा लक्ष द्या. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढंच म्हटलंत तर चिकन किंवा हॅम घातलेलं बिनधास्त पुढे येऊ शकतं, कारण बऱ्याच लोकांच्या हिशोबात कार्ने म्हणजे मुख्यतः बीफ. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन' असं तिन्ही म्हणा. मोगोया चिचारोना दिसायला साधा ब्राऊन पाव पण आत डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. काही पावांत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, पण घालतात, 'तिएने मांतेका दे सेर्दो?' असं विचारता येतं. चीजचे पाव चालतील पण अंडं जवळजवळ सगळ्यात असतं, अंडं न खाणाऱ्यांची पंचाईत आहे खरी. आणि कढई बहुतेक एकच असते, तीत सगळंच तळतात, हे चालत नसेल तर ओव्हनमधल्या गोष्टींवरच राहा.

प्यायला काय, तर तिंतो म्हणजे साधी काळी कॉफी, छोट्या कपात. पेरिको म्हणजे थोडं दूध घातलेली, पण नाश्त्याच्या यादीत 'उएव्होस पेरिकोस' असतं ते टोमॅटो-कांदा घातलेलं स्क्रॅम्बल्ड अंडं, दोन्हीत गोंधळ करू नका. पानेला म्हणजे गूळच, तो गरम पाण्यात विरघळवला की आग्वापानेला, बोगोता 2,600 मीटर उंचीवर आहे आणि सकाळी चांगलीच थंडी असते तेव्हा हे छान लागतं. हॉट चॉकलेट मागवलंत तर सोबत चीजचा तुकडा येईल, तो कपात टाकायचा, विरघळू द्यायचा आणि चमच्याने काढून खायचा, ऐकून विचित्र वाटतं, एकदा करून बघा. पांदेबोनोबरोबर मात्र थंड आवेना, ओट्स आणि दूध शिजवून दालचिनी घालून गार केलेलं दाटसर पेय, गरम खारट पाव आणि गार गोड आवेना, या जोडीपुढे कॉफी फिकी पडते.

गव्हाच्या पावांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, मऊ आणि थोडे गोडसर असतात, घरी न्यायला ठीक. त्यातल्या त्यात रोस्कोन बघा, साखर भुरभुरलेली रिंग, आत आरेकिपे (दूध आणि साखर आटवून केलेलं घट्ट गोड) किंवा बोकादियो (पेरूची घट्ट वडी). हाच बोकादियो आणि चीज पफ पेस्ट्रीत घातला की पास्तेल ग्लोरिया होतो आणि माझ्या मते गोड कपाटातला पहिला नंबर त्याचा. जास्त पाव घेतलेत आणि बाईशी दोन शब्द नीट बोललात तर 'इ ला न्यापा?' म्हणून हसून विचारा, वरचा एखादा पाव पिशवीत पडतो कधी कधी. एकच पाव घेऊन न्यापा मागू नये, एवढी लाज ठेवा.

अमेरिकेत असाल तर बोगोतापर्यंत जायची गरज नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधे जॅक्सन हाइट्सला 74व्या स्ट्रीटवर किराणा भरायला जाणारे आपले लोक भरपूर, तिथून रूझवेल्ट ॲव्हेन्यूने 7 नंबरच्या ट्रेनच्या पुलाखालून 82व्या स्ट्रीटकडे चालत गेलं की कोलंबियन बेकऱ्या लागतात, त्या भागाला चापिनेरितो असंही म्हणतात, बोगोतातल्या चापिनेरो भागावरून. न्यू जर्सीत एलिझाबेथ आणि मॉरिसटाउनला कोलंबियन वस्ती मोठी आहे. तिथे कार्ड चालतं, इंग्लिश चालतं, बेकरीत एम्पानादाच्या शेजारी इतर देशांचे पदार्थही असतात, पण गरम काय हा प्रश्न तिथेही पहिला, कारण ओव्हनचं वेळापत्रक तेच.

घरी नेणार असाल तर पांदेबोनो आणि आल्मोहाबाना कागदी पिशवीत मागा, प्लास्टिकमधे वाफ धरून ओले होतात. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह अजिबात नको, रबर होतं. 170-180 डिग्रीला ओव्हन किंवा एअर फ्रायरमधे पाच-सहा मिनिटं ठेवले की बरेचसे परत येतात, आणि लगेच खायचे, दुसऱ्यांदा गरम करून उपयोग नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच लॅटिन ग्रोसरीत न भाजलेले फ्रोझन पांदेबोनो पाकिटात मिळतात, ते डीफ्रॉस्ट करू नका, फ्रीझरमधून काढून डायरेक्ट तापलेल्या ओव्हनमधे. आणि लांब कुणासाठी न्यायचं असेल तर यातलं काहीच नेऊ नका, उइला प्रांतातली आचिरा बिस्किटं घ्या, आचिराच्या कंदाच्या स्टार्चची आणि चीजची, कोरडी, खुसखुशीत, पाकीटबंद, त्यांना गरम-गारचं काही देणंघेणं नसतं.