दुपारी सौर इन्व्हर्टर बंद पडत असेल, तर तपासणी कशी करावी
सांगलीत विश्रामबागेसारख्या वस्तीत एकाच रोहित्रावर, म्हणजे आपल्या बोलीतील डीपीवर, अनेक छतांची सौरवीज जोडली गेली, की दुपारी घरगुती वापर कमी असताना ती उलट रोहित्राकडे वाहते आणि वाहिनीच्या टोकाकडील घरांत व्होल्टेज वाढते. नेहमीचे व्होल्टेज २३० असते. ते ११० टक्क्यांच्या, म्हणजे २५३ च्या वर गेले, की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत स्वतःला तोडून घ्यावे, असा नियम आहे. त्यामुळे बंद पडणारा इन्व्हर्टर बिघडलेलाच असतो असे नाही.

निरभ्र दिवशी सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि सूर्यास्तानंतर इन्व्हर्टरच्या पडद्यावरील आकडा वहीत टिपावा. त्याच वेळी परवानाधारक वायरमनकडून मीटरपाशीही मोजून घ्यावे. इन्व्हर्टरच्या पडद्यावर २५४ आणि मीटरपाशी २४६ भरले, तर मधले आठ व्होल्ट आपल्याच जिन्यातून उतरलेल्या बारीक केबलचे असतात, आणि जाड केबल टाकल्यावर ते बरेच कमी होतात. दोन्हीकडे आकडा चढाच असेल, तर नोंदी जोडून वीज कंपनीकडे लेखी अर्ज करावा आणि रोहित्राचा टॅप, म्हणजे त्यातून बाहेर पडणारे व्होल्टेज ठरवणारी जोडणी, बदलण्याची किंवा जोडण्या तिन्ही फेजवर वाटून देण्याची मागणी करावी. इन्व्हर्टरची व्होल्टेजची मर्यादा परस्पर वाढवून घेऊ नये. शेजाऱ्याचा फ्रिजही त्याच तारेवर असतो, आणि चढे व्होल्टेज त्यालाही सोसावे लागते. तोवर पाण्याची मोटर आणि गिझर भर दुपारी चालवावा.