फायरफॉक्समध्ये कालचे टॅब परत येत नाहीत? या चुका टाळा

सकाळी फायरफॉक्स उघडला आणि कालचे सगळे टॅब गायब. अशा वेळी बहुतेक जण लगेच ब्राउझर बंद करून पुन्हा उघडतात. जमलं नाही की परत तेच, शेवटी कॉम्प्युटर रीस्टार्ट. टॅब खरे जातात ते या घाईत.

कारण समजून घ्या. ब्राउझर नीट बंद केला की उघडे टॅब प्रोफाइल फोल्डरमधल्या (फायरफॉक्स तुमची सेटिंग्ज, बुकमार्क वगैरे जिथे ठेवतो तो फोल्डर) 'सेशनस्टोअर' फाइलमध्ये लिहिले जातात. पुढच्या वेळी उघडल्यावर ती फाइल 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' फोल्डरमध्ये 'प्रीव्हियस' नावाने जाते आणि तिथली आधीची 'प्रीव्हियस' पुसली जाते. म्हणजे कोरी खिडकी बंद करून पुन्हा उघडलीत, की कोरं सेशनच (सेशन म्हणजे त्या वेळी उघड्या असलेल्या टॅब-खिडक्यांची नोंद) 'प्रीव्हियस' होऊन बसतं. अधीर माणूस दोन मिनिटांत स्वतःचा बॅकअप स्वतःच पुसतो, आणि मग ब्राउझरला दोष देतो.

म्हणून काहीही बंद न करता आधी हिस्टरी मेन्यूत 'रिस्टोअर प्रीव्हियस सेशन' दिसतं का बघा. नसेल, तर हेल्पमधून 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, प्रोफाइल फोल्डरसमोरचं 'ओपन फोल्डर' दाबा आणि 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' हा अख्खा फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करा. ही कॉपी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता कॉपीतल्या फाइलींची तारीख आणि आकार पाहा. कोऱ्या सेशनची फाइल अगदी लहान असते, भरपूर टॅबवाली त्यापेक्षा कितीतरी मोठी. 'रिकव्हरी' ही चालू सेशनची, 'अपग्रेड'ने सुरू होणाऱ्या फाइली अपडेटच्या वेळच्या. मेन्यूतून एक्झिट करा आणि टास्क मॅनेजरमध्ये फायरफॉक्स उरला नाही ना, ते तपासा. चालू ब्राउझरखाली फाइल बदलण्याची चूक फार जण करतात. बंद होताना तो तुमची फाइल सरळ ओव्हरराइट करतो. मग प्रोफाइलमधल्या 'सेशनस्टोअर'चं नाव बदलून ठेवा, निवडलेली फाइल तिथे टाका आणि तिला तेच जुनं नाव द्या. एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग) 'जेसनएलझेड४' (jsonlz4) हवं, 'बॅकएलझेड४' (baklz4) चालत नाही. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, तेव्हा एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूतून ती आधी दिसती करा.

दुसरी हमखास चूक: दोन खिडक्या उघड्या असताना आधी टॅबने भरलेली बंद करायची आणि मग एक टॅबवाली. ब्राउझरच्या लेखी शेवटची खिडकी हेच सेशन. हिस्टरीत 'रिसेंटली क्लोज्ड विंडोज'मध्ये मोठी खिडकी बहुधा सापडते. रोज मेन्यूतून एक्झिट करायची सवय लावली, तर ही वेळच येत नाही. क्रॅशची उगाच भीती असते. फायरफॉक्स साधारण दर १५ सेकंदांनी सेशन लिहितो. तो आकडा कुठल्याशा टिपेवरून वाढवू नका.

सेटिंग्जमध्ये 'नेव्हर रिमेंबर हिस्टरी' असेल, तर सेशन साठतच नाही. बंद होताना हिस्टरी पुसण्याची खूण असेल तर तीही काढा. सफाई करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेशन'वर टिक असेल, तर ती आधी काढा. माझ्या मते ब्राउझर अशा सॉफ्टवेअरच्या हाती देऊच नये.

टॅब खरोखर गेले आहेत का, हेही पाहा. २०१९ मधल्या ६७व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळा प्रोफाइल मिळतो. दुसरी प्रत टाकलीत की टॅब जुन्या प्रोफाइलमध्ये सुखरूप असतात. ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोफाइल्स' इंग्रजीत टाइप केलं की सगळे प्रोफाइल दिसतात.

महत्त्वाचं काम मात्र टॅबच्या भरवशावर ठेवू नका. कंट्रोल+शिफ्ट+डी दाबलं की खिडकीतले सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात.

क्रोम वापरत असाल तर आधी कंट्रोल+शिफ्ट+टी दाबून पाहा. तिथेही बॅकअपचं तेच: प्रोफाइलमधला 'सेशन्स' फोल्डर आधी कॉपी करा, बाकी सगळं नंतर.